घुमटातल्या माणसाचे डोळे

खरं सांगायचं तर त्या पेटीबद्दल माझं पहिलं मत वाईट झालं होतं. झाकणावर ढगांतून झेपावणारं लढाऊ विमान, आणि आत ते विमान जोडायचे, राखाडी प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले तुकडे, त्यातले काही आधीच तुटून तळाशी पडलेले. पंखांच्या कडेला जास्तीचा पापुद्रा. पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं पिवळी पडलेली. मी तुकडे सूचनांच्या कागदाशी ताडून पाहिले, मग परत पाहिले. एखादं चाक कमी निघालं तर ते मीच हरवलं असं व्हायचं, ही धास्ती. चाकं होती.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, नागपूरची. तिथल्या सदर भागात खेळण्यांच्या एका दुकानात मी कामाला होतो. सातवीनंतर शाळा सुटली. मालवणकडच्या आमच्या गावातले एक शेजारी रेल्वेत होते, त्यांनी मला इथं आणून मालकांच्या हवाली केलं. दुकानामागच्या खोलीत राहायचो आणि जेवणाचा डबा मालकांच्या घरून यायचा. मालकांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, मला मासे मिळत नाहीत म्हणून हळहळायच्या आणि भाजीत तेल जास्त घालायच्या. त्या डब्याचे उपकार आजही माझ्यावर आहेत.

विमानं-जहाजं जोडून दुकानाच्या काचेत मांडणं हे माझं काम. ते मला जमायचं, कारण गावी आमची गणपतीची शाळा होती. शाळा म्हणजे मूर्ती घडवायचा मांडव. मातीची भेग ओल्या बोटाने कशी बुजवायची, रंगाचा हात कुठं थांबवायचा, हे चालायला लागलो तेव्हापासून बघत आलेलो. फक्त डोळे कधी काढले नव्हते. आमच्याकडे डोळे सगळ्यात शेवटी. मूर्तीचं सोवळं रंगलं, दागिने झाले, उंदीर झाला, की वडील आंघोळ करून बसायचे आणि आखणी करायचे, म्हणजे डोळे काढायचे. तोवर मूर्तीच्या डोळ्यांची जागा कोरी. आखणी वडिलांचीच. मी फक्त रंगाची वाटी धरायचो.

ती पेटी आणली होती सार्जंटनी. हवाईदलातून निवृत्त होऊन ते प्रतापनगरला घर बांधून राहिले होते. विमानांचा नाद असलेल्या मुलांसाठी चार पानी पत्रक काढायचे, आणि जावयाने परदेशातून पाठवलेली ही पेटी कशी आहे ते त्यांना त्यात छापायचं होतं.

"तू जोड, आन् मंग मले सांग, घेण्यासारखी हाये का नाही," ते म्हणाले.

"मला लिहायला नाही जमणार."

"लिवाले कोन सांगून राहिलं तुले? तू बोल, मी लिवतो."

विमानाचं नाव डिफायंट. दुसऱ्या महायुद्धातलं, पण कुणाच्या फारसं लक्षात न राहिलेलं. वैमानिकाला समोर झाडायला एकही बंदूक नाही. चारही बंदुका त्याच्या पाठीमागच्या काचेच्या घुमटात, आणि त्यात बसणारा माणूस बहुतेक वेळ शेपटीकडे तोंड करून. म्हणजे विमान जाणार पुढे आणि हा बघणार सुटून गेलेलं. सार्जंटनी पोरवयात, युद्धाच्या शेवटी, या विमानावर हवा-तेल केलं होतं. पण तोवर त्याच्यातला घुमट काढून टाकलेला. दुसऱ्यांना नेमबाजी शिकता यावी म्हणून मागे कापडाची लांब पट्टी ओढायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

"घुमटाच्या जागी नुसतं झाकन," ते म्हणाले. "आत मानूस बसलेला कसा दिसते, हे मले पाह्यचं हाये गा. येवढंच."

मी कामाला लागलो. पोटाचे दोन भाग एकमेकांवर नीट बसेनात. काड्यांचा चुरा गोंदात विरघळवून त्याने फट भरली आणि पाणकागदाने घासली. पंख मात्र सुरेख बसले. वरून तपकिरी आणि हिरवा रंग चढवला तेव्हा विमान एकदम मोठं दिसायला लागलं.

याच दिवसांत रेल्वेतले शेजारी गावी जाऊन आले आणि वडिलांचा निरोप घेऊन आले. "औंदा आखणीक ये म्हणान सांगितल्यानी. हात हलता त्यांचो."

मला एवढ्या वर्षांत कुणी ये म्हटलं नव्हतं. आणि आता बोलावणं आलं ते आखणीला. त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागेना.

अडचण पोळ्याची होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा. लहान पोरं लाकडाचे चाकावरचे बैल सजवून मिरवतात. दुकानाचा तो सगळ्यात मोठा हंगाम, आणि त्यानंतर गणेश चवथीला मोजून तीन दिवस. मालकांना विचारायला मी सकाळपासून तीनदा काउंटरजवळ जाऊन झाडू मारला.

"काहून बे, आज फरशीले भोक पाडतं का?" मालकांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बैलाच्या गळ्यात घुंगरू बांधता बांधता ऐकलं. "तान्हा पोळा झाला का त्याच दिशी निंघ. पन सार्जंटचं इमान काचेत लागलं पाह्यजे. मी त्याले जबान देली हाये."

म्हणून घाई झाली. पोळ्याच्या दिवशी मी दोन्ही माणसं रंगवली. बोटाच्या पेराएवढा वैमानिक, तेवढाच घुमटातला माणूस. कपडे, पट्टे, कानटोप, चेहऱ्याचा रंग. डोळे शेवटासाठी ठेवले. ते मी ठरवून ठेवले नाहीत, हातानेच ठेवले. सगळं झाल्यावर डोळे, हे हाताला इतकं माहीत होतं की कागदावरचा क्रम मी वाचूनसुद्धा वाचला नाही. वैमानिकाचं छत सुटं होतं, ते उघडून ठिपके देता आले. पण घुमट दोन अर्धांचा, आणि मी तो माणसाभोवती पक्का चिकटवून टाकला होता. विमान तसंच काचेत मांडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सार्जंट आले. रस्त्यावर पोरं बैल ओढत निघाली होती. कुणाच्या बैलाचं चाक निखळलं होतं, कुणी बैलच कडेवर घेतला होता. माझी पिशवी भरून दाराशी होती आणि तिकीट जागेवर आहे का हे बघायला मी दर थोड्या वेळाने खिशात हात घालत होतो. सार्जंटनी विमान काचेतल्या मांडणीतून उचललं, भिंगाने घुमटात बराच वेळ पाहिलं.

"काहून गा," ते हळूच म्हणाले, "या पोट्ट्याले डोयेच नाहीत?"

घुमट उघडायचा तर पातं घालायला लागणार. काच तडकणार किंवा गोंदाने धुरकटणार. नीट करायचं तर उद्यापर्यंत थांबायला हवं, आणि थांबलो तर चवथ हुकली. मालक म्हणाले, "अरे बाप्पा! आता?"

मी म्हणालो, "मी थांबतो. करून देतो."

"थांबतो म्हंते, आन् पाह्यते पिशवीकडं," मालक म्हणाले.

सार्जंटनी विचारलं, डोळे राहिलेच कसे? मी सांगितलं, आमच्याकडे शेवटी काढतात. मग कोण काढतं, का काढतं, यंदा मला का बोलावलंय, सगळंच बोललो. एवढं मी त्या दुकानात कधीच बोललो नव्हतो. त्यांनी विमान जपून खाली ठेवलं. शेपूट रस्त्याकडे, घुमटातल्या माणसाचं तोंड बैल ओढणाऱ्या पोरांकडे.

"तिकडचे डोये पह्यले काढ," ते म्हणाले. "हा इतक्या वर्सांनी घुमटात बसला, बसू दे. जाय, गाडी चुकन."

गाड्या बदलत कोल्हापूर, तिथून एस.टी.ने घाट उतरून गावी पोचलो ते तृतीयेच्या संध्याकाळी. मांडव जवळजवळ रिकामा. मूर्ती लोक घेऊन गेले होते. वडिलांनी हलत्या हाताने आखणी केली होती आणि कुणी एका शब्दाने काही म्हटलं नव्हतं, असं आई म्हणाली. पाटावर एकच मूर्ती होती, आमच्या घरची. डोळ्यांची जागा कोरी.

"न्हाऊन ये," वडील म्हणाले.

न्हाऊन आलो. या वेळी वाटी त्यांनी धरली. वाटीही थोडी हलत होती, म्हणून मी ब्रश बुडवताना त्यांच्या मनगटाला हात लावला. मग एक डोळा, मग दुसरा. वडील मागे सरून, पुढे येऊन बघत राहिले.

"डावो जरा खाली बघता," ते म्हणाले. मी पुसायला फडकं घेतलं तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "ऱ्हवांदे. तू खंय बसलंस ता बघता तो."

तेवढी एकच आखणी माझ्या वाट्याला आली. पुढच्या वर्षी दुकानातून सुटका झाली नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मांडव घातलाच नाही. पण ती संध्याकाळ मिळाली. परतताना एस.टी.त मी सगळ्यात मागच्या बाकावर उलटा बसलो, आणि वळणापर्यंत मागच्या काचेतून घर बघत राहिलो. कंडक्टर म्हणाला, पुढे तोंड कर, मळमळेल. मळमळलं.

नागपुरात आल्यावर सार्जंट वही-पेन घेऊन बसले. मी म्हणालो, आधी घुमट उघडून बघतो, बारीक पातं आणलंय. त्यांनी विमान माझ्या हाताबाहेर सरकवलं.

"पह्यले सांग. पेटी कशी हाये?"

"पेटी चांगली आहे. पोटाची फट भरावी लागते. पंख सुरेख बसतात. चित्रं जुनी आहेत, जपून भिजवावीत. घाई असलेल्या माणसाने घेऊ नये."

ते लिहीत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "आन् घुमटातल्या मानसाचं काय लिवू?"

मी त्या कोऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"लिहा," मी म्हणालो, "त्याला आत बसवायच्या आधी डोळे काढून घ्यावेत. नंतर हात पोचत नाही."