एका श्वासाचा डाग

चिखलीच्या बाजारात एक वैदू दुखऱ्या बैलांना डाग द्यायचा. कातडं कोरडं पुसायचा, लाल सळई हलकेच टेकवून श्वास रोखायचा आणि श्वास सुटताच सळई उचलायचा. त्याच्या डाव्या हातावर डागांची ओळच होती. शिकताना आधी स्वतःलाच दिलेले.

माझ्या बैलाचा खांदा सुजला होता. मी साठ साली झालेल्या नव्या राज्याचा नवा मास्तर. म्हणालो, "सूज मोठी आहे, सळई दाबून धरा."

तो म्हणाला, "गुरुजी, मी येतो का तुमच्या शाळेत शिकवाले?"

लोक हसले. मला झोंबलं. बैल तसाच घरी नेला, मीच सळई तापवली आणि सातचा पाढा संपेपर्यंत दाबून धरली.

खांदा सडला. बैल पुन्हा जुवाला लागला नाही.

पुढच्या बाजारी जखम पाहून तो एवढंच बोलला, "पयले आपल्या हातावर देऊन पाह्याचा होता, गुरुजी."

माझे दोन्ही हात आजही कोरे आहेत.