आठव्या दिवशीचा रोडगा

पंचेचाळिशीत टॉन्सिल काढून घेणारा आमच्या खानदानात मी पहिलाच. अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "दोन आठवडे मऊ खा. पाचव्या ते दहाव्या दिवसात घशातली खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं. दवाखान्यापासून लांब जाऊ नका." सातव्या दिवशी दुखणं कमी झालं आणि मी स्वतःच डॉक्टर झालो.

आठव्या दिवशी दुपारी हिवरखेडला, सासऱ्यांच्या मळ्यात रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा गोळा, वरून दगडासारखा. बायको म्हणाली, "तुमी वरणभातच खा." मेहुणा म्हणाला, "जवाई उपाशी रायते काय? तूप टाकतो, सरकन उतरते." जावयानं नाही म्हणू नये, हे मला नेमकं तेव्हाच आठवलं.

दुसऱ्या रोडग्याची कड घशात अडकली आणि आत काहीतरी टरकन फाटलं. तोंड कोमट, खारट झालं. सासरच्या पंगतीत थुंकायचं कसं? मी गिळत राहिलो, हसतही राहिलो. मग पोटानं सगळंच परत फेकलं. पत्रावळीवर रक्ताच्या काळ्या गाठी, मेहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल चिळकांडी.

"निजवा त्याईले! हळद आणा!" सासूबाई ओरडल्या. चौघांनी मला उताणं दाबलं. रक्त श्वासनळीत उतरलं. मी गुदमरून लाथा झाडल्या. एक मेहुण्याच्या छातीत बसली. बायकोनं सगळ्यांना ढकललं, माझे केस धरून बसवलं आणि डोकं बादलीवर वाकवलं. "गिळू नका! थुका!"

अकोल्यापर्यंत गाडीत ती तेच ओरडत होती. अर्ध्या वाटेत माझे डोळे मिटायला लागले, तशी फाडकन कानाखाली बसली. "डोये उघडा! पोरीचं लगन मी एकटीनं करू काय?" पुन्हा फाडकन. बादलीचा तळ लाल झाला होता.

अकोल्याच्या डॉक्टरांनी चिमट्यानं घशात कापसाची गादी दाबली. मी त्यांच्या बोटाला चावलो. मग भूल देऊन फुटलेली रक्तवाहिनी जाळून बंद केली.

शुद्धीवर आलो तेव्हा नर्सबाई विचारत होत्या, "यायच्या गालाले काय झालं?"

"मीच मारलं," बायको म्हणाली आणि तिनं पुन्हा हात उचलला. मी घाबरून डोळे मिटले. हात अलगद गालावर टेकला.

"मिटू नका," ती म्हणाली.