बाबांची हिंदी सुटली तेव्हा

मला राग डॉक्टरांचा येत नाही. आमचाच येतो. आम्हा दीडशहाण्यांचा!

बाबा नागपूरहून भोपाळच्या कारखान्यात नोकरीला आले आणि चाळीस वर्षांत पार हिंदीवाले झाले. घरातसुद्धा "अरे यार, चाय बना दो." आई कपाळावर हात मारायची. दोन वर्षांपूर्वी मात्र त्यांची हिंदी हळूहळू बंदच झाली. दूधवाल्याशी मराठी, शेजाऱ्यांशी मराठी, भाजीवालीला चक्क "मेथीची जुडी कशी दिली?" आई हरखली. मी भावाला फोनवर म्हटलं, उशिरा का होईना, बाबा ताळ्यावर आले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तर मराठी जपल्याबद्दल त्यांना शाल घातली, टाळ्या वाजवल्या. ते बावरून इकडेतिकडे बघत होते. आम्हाला वाटलं, लाजले. लाजले म्हणे!

रोज संध्याकाळी पाच वाजता ते अयोध्या नगरच्या चहाच्या टपरीवर जायचे, कारखान्यातल्या जुन्या मित्रांकडे. एकटे, चालत. एक दिवस परतलेच नाहीत. तीन तासांनी सापडले ते थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोलार रोडवर. येणाऱ्याजाणाऱ्याला घरचा रस्ता विचारत होते, मराठीत. कुणाला काय कळणार, कपाळ?

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी समजावलं. मेंदूत पेशींची जाळी असतात, त्यांचं एकमेकांशी सतत बोलणं चालू असतं. एक कामाला लागलं की दुसऱ्यानं गप्प बसायचं असतं. एक भाषा दाबून दुसरी बोलायची, तेही या ताळमेळावरच चालतं. अल्झायमरमध्ये तो बिघडतो; गप्प बसायचं ते जाळं बसत नाही, जोडण्या ढिल्या पडतात. मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते.

"हिंदी कधीपासून सुटली?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"मग तेव्हाच का नाही आणलंत?"

तेव्हा? आमची तर छाती फुगली होती! लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता फाटकाला कुलूप असतं. काल पाचला बाबा चपला घालून तयार.

"उघड ना गं. मंडळी वाट बघत असतील."

"बाबा, एकटं नाही जायचं."

"का? माझं काही चुकलं का?"

"नाही हो. चुकलं आमचं."

त्यांनी फाटकाचे गज धरले. "मग मला का कोंडता?"