बारावी टोपी

“फुडसून काय बघतास, भावजी? टोपी पाठसून बघूची!” असोल्या नारळावर नवी टोपी चढवून वहिनी मागे सरत सरत थेट चाळीच्या गॅलरीत जायची आणि तिथून डोळे बारीक करून बघायची. मीही मुकाट्याने शेजारी उभा राहायचो. तुम्हीच सांगा, आपण कुणाची टोपी कधी मागून निरखतो का?

ऐंशीच्या दशकात मी सिनेमाच्या कपडेपटात होतो. जुन्या जमान्यातलं काही असलं की चपट्या विलायती टोप्या लागायच्या आणि मी विक्रोळीला वहिनींकडे पळायचो. वहिनी म्हणजे नुसतं म्हणायला. नवरा बोटीवर खलाशी, सात वर्षांपूर्वी गेला तो परतलाच नव्हता. पत्र नाही, प्रेत नाही. तिचं कुंकू मात्र ठसठशीत. त्याची एक जुनी टोपी उसवून ती हे काम शिकली होती.

कापडावरच्या तिरक्या विणीला ती बांगड्याचा काटा म्हणायची. “सायबाक बांगड्याचो काटो, वरसून सपाट. गोदीतल्या माणसाक चौकडी, आठ पाकळ्यांची, मधी बटण.” आठही पाकळ्यांची रेघ बटणाशी मिळालीच पाहिजे, एक हुकली की सगळी टोपी उसवायची. मी घाई केली की म्हणायची, “तुमचा डोक्या वाकडा, माझी रेघ नाय.”

एकदा गोदीच्या प्रसंगासाठी बारा टोप्या हव्या होत्या. तिच्या कटपिसांच्या गठ्ठ्यात अगदी तळाला मला राखाडी चौकडी सापडली, आत विटकरी रेघ. झकास!

“ह्या नको,” ती म्हणाली. “दुसरा कायव बघा.”

मी हट्टच धरला. गाढवच मी! आठवड्याने तिने बारा टोप्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, “मी येतलंय शूटिंगाक.”

शूटिंगसाठी मढला जाताना तरीच्या होडीत बसल्यावर तिने सांगितलं. नवरा ह्याच चौकडीची टोपी घालून बोटीवर निघाला होता. तो गल्लीच्या टोकाशी पोचला तेव्हा तिला वाटलं, परत बोलवावं. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. “व्हटापर्यंत इली होती हाक, भावजी. गिळलंय.” मग टोपी कोपऱ्यावरून वळली.

मढच्या एका बंगल्यामागे गोदीची गल्ली उभी केली होती, तिथे शॉट लागला. टोप्या घातलेले बारा जण पाठमोरे चालू लागले. कॅमेरा सुरू होता आणि माझ्या शेजारून हाक गेली, “अहो!”

जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेल्या बाईची हाक ती. पण अहो तर कुणीही असतो. सगळे गर्रकन वळले. डायरेक्टरने मला शिव्या घातल्या. ती माझा दंड घट्ट धरून म्हणाली, “अकरा वळले. एक नाय वळलो.”

मी बघितलंच नव्हतं. तिला गप्प करायला ठोकून दिलं, “बहिरा आहे तो, वहिनी. ओळखतो मी त्याला.” तिने हात सोडला.

संध्याकाळी टोप्या जमा केल्या, त्या अकराच भरल्या. एक्स्ट्रा आणणाऱ्याला विचारलं, बारावा कोण होता रे? तो म्हणाला, “अरे यार, चेहरे कोण बघतं?” तिने दंड धरला तेव्हाच मला त्याच्यामागे धावायला हवं होतं. कोपऱ्यापर्यंत शंभर पावलंसुद्धा नव्हती. आज इतकी वर्षं झाली, ती शंभर पावलं मला सुखाने झोपू देत नाहीत.

सिनेमा लागायच्या आधीच ती काविळीने गेली. कुंकू लावूनच गेली.

मी घाटकोपरला मॅटिनीला एकटाच गेलो. ते वळणं डायरेक्टरला पुढे आवडलं असावं, शॉट तसाच ठेवला होता. तिची हाक पुसून तिथे संगीत घातलं होतं. अकरा जण वळून आमच्याकडे, म्हणजे आम्ही उभे होतो तिकडे, बघत राहिले. बारावा चालतच होता. मागून बघितली मी ती टोपी. आठही पाकळ्या, रेघेला रेघ.

“अहो!” मी ओरडलो.

पुढच्या रांगेतला माणूस दचकून वळला. “काय हो, काय झालं?”

मी पुन्हा पडद्याकडे बघितलं, तोवर टोपी कोपऱ्यावरून वळली होती.