काचेखालचे तांदूळ

भर पावसात वायपर काचेच्या मधोमध थांबला आणि पुढचा ट्रक दिसेनासा झाला. गाडी चालवणाऱ्या माझ्या मुलानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मागून दुसरा ट्रक हॉर्न मारत येत होता.

"माय, काहीच दिसत नाही!"

"डावीकडे घे. दिसलं नाही तरी घे," मी म्हणाले.

त्यानं घेतली. चाक चिखलात रुतलं आणि मागचा ट्रक अगदी चाटून गेला. मागच्या सीटवर सून दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. नववा महिना. दवाखान्यात दाखवून आम्ही गोडादऱ्याला घरी चाललो होतो.

पाऊस ओसरल्यावर गाडी चिखलातून काढून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन होतं. मुलानं बटण दाबलं, वायपर छान चालला.

"झाला बरा," तो म्हणाला.

"कशानं झाला?"

"ते काय माहीत!"

मी पॉवरलूमवर बॉबिनी भरण्यात आयुष्य काढलं. आपोआप सुरू झालेलं यंत्र आपोआपच बंद पडतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. सुनेला कधीही कळा लागतील, आणि तेव्हा पाऊस असला तर? मी मुलाला काचेवर बादलीभर पाणी ओतायला लावलं. वायपर दोनदा हलला आणि बसला. मला बरंच वाटलं. रोग पावसात दडून बसला होता, तो आता दारात आला.

कोपऱ्यावरच्या गुजराती इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मी खुर्ची टाकून त्याच्याजवळच बसले.

"फ्यूज तो सारो छे, माजी," तो म्हणाला. मग बटण तपासलं. तेही ठीक. दोन वायरी जोडलेला एक बल्ब त्यानं वायपरच्या मोटरच्या वायरीला लावून पाहिला. पेटला.

"करंट येतोय की," मी म्हणाले.

"येतो. परत जात नाही."

"परत कुठे जायचं असतं त्याला?"

"बॅटरीत. गाडीच्या पत्र्यातून."

हे मला नवीन होतं. मी समजत होते, वीज येते आणि संपते. त्यानं मोटरच्या अंगापासून बॅटरीपर्यंत एक सुटी वायर धरली. वायपर लगेच चालू लागला.

"मग पत्र्यावरची वाट कुठे तुटली?"

त्यानं काचेखालची काळी जाळी उचलली. आत तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या आणि कुंकवाचा लगदा. दर दसऱ्याला गाडीची पूजा होते, काचेवर अक्षता पडतात, वर नारळाचं पाणी. सगळं तिथं साचून पाणी जायचं भोक बुजलं होतं. पाऊस आला की मोटरची वायर पत्र्याला जोडणारा बोल्ट त्या पाण्यात बुडायचा. गंजून तो हिरवा-पांढरा झाला होता.

"देवाचंच आहे, माय," मुलगा पुटपुटला.

"असू दे. काढ ते."

भोक मोकळं केलं, बोल्ट घासून वायर नवीन लावली. मी परत बादली ओतायला लावली. मग आणखी एक.

"माजी, गाडी धुवायला बोलावलंत का मला?" इलेक्ट्रिशियन हसला.

वायपर थांबला नाही. आता दसऱ्याला अक्षता चाकांवरच पडतात.

दुरुस्ती झाली त्याच आठवड्यात, भर पावसात सुनेला कळा लागल्या. वायपर दवाखान्यापर्यंत चालला. नात झाली.

चिखलात रुतलेल्या त्या गाडीत मी, मुलगा, सून आणि पोटातली नात होतो. चौघंही आहोत.