घरी का फिल्डवर

मी कॉलेजला निघाले तेव्हा घाटंजीच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग एसटीच्या खिडकीतून आत ढकलली आणि विचारलं, "लोकाइनं विचारलं तं कोणतं फिल्ड सांगू?"

"समाजकार्य," मी म्हटलं. गाडी हलेपर्यंत त्यांनी ते दोन जणांना सांगितलंही.

शाळेच्या पुस्तकात फिल्ड म्हणजे शेत. मोहल्ल्यातली पोरं क्रिकेटमध्ये फिल्डिंग करायची. बाबांसाठी मात्र शिकलेल्या माणसाला लागतं ते फिल्ड. पुण्यात नोकरी लागली, तेव्हा चौथा अर्थ कळला. ऑफिसात फिल्ड म्हणजे आपण राहत नाही ती जागा. "फिल्डवर पाणी उकळून प्या", "फिल्डवर भडक कपडे नकोत", असं मीही नव्या मुलींना सांगायला लागले होते.

कापसानं दगा दिला त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरच्या गाड्यांची रीघ लागली. आमच्या संस्थेचीही जीप निघाली, सोबत आमच्या ऑफिसातल्या मॅडम. भाषा येते म्हणून मला घेतलं, आणि पाहणीत माझंच गाव आलं.

बुद्धविहारात बाया जमल्या. माय ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. ही माझी आई, असं मी मॅडमना सांगितलं. मॅडम खूश झाल्या. "अरे वा, मग यांच्यापासूनच सुरुवात करू."

पहिला प्रश्न मी वऱ्हाडीत विचारला. घरात दोन वेळा जेवण होतं का?

माय हसली. "तुले ठाऊक नाही काय व?"

बाया हसल्या. मी मॅडमकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "त्यांच्या तोंडून यायला हवं."

मी पुन्हा विचारलं. मायचं हसू गेलं. पदर सावरून ती ताठ बसली आणि मला म्हणाली, "होते मॅडम. लिहा तुम्ही."

जन्मात पहिल्यांदा तिनं मला 'तुम्ही' म्हटलं. माझे कान तापले. पुढचे सगळे प्रश्न मी मान खाली घालून विचारले, आणि तिनं प्रत्येकाचं उत्तर दिलं, अगदी नीट, परक्या बाईला द्यावं तसं.

जीप निघायची होती. मुक्काम पांढरकवड्याला होता. माय विहाराच्या पायरीपर्यंत आली.

"ते बाई घडीघडी फिल्ड फिल्ड म्हणून राह्यलती. म्हणजे काय व?"

"वावर," मी पटकन म्हटलं.

"आपल्याले कुठं वावर हाय?"

खरंच नव्हतं. ती जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत आली. मग मी खरं ते सांगितलं, आम्ही कामासाठी जातो ती जागा.

तिनं जरा विचार केला. "मंग आज तू घरी आलती का फिल्डवर?"

तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी जीपमध्ये बसले.

वर्षभरात ती नोकरी सोडली. आता पुण्यातल्याच एका वसतिगृहात काम करते. तुमच्यातले माझ्यासारखे गाव सोडलेले कितीतरी जण दुसऱ्यांच्या गाडीतून आपल्याच गावात उतरले असतील. तुम्हाला मायनं काय विचारलं, ठाऊक नाही. मी आता वेचणीच्या दिवसांत एकटी जाते. मायबरोबर कापसासाठी कमरेला ओटी बांधून तासाला, म्हणजे कपाशीच्या ओळीला लागते. बोंडांनी बोटं ओरबाडली जातात, मी मागे पडते, आणि ती पुढून ओरडते, "चाल व, झोपली काय!" लाज तेव्हाही वाटते. पण ते ओरडणं ऐकायलाच मी जाते.