नकार तोंडावर सांगायचा!

डॉक्टर मंडळी रिटायर व्हायला लागली की त्यांच्याकडे दोनच गोष्टी उरतात, गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांवर इलाज आहे! बारामतीच्या त्या आयसीयूतली आम्ही जुनी माणसं कुणाच्या लग्नात भेटलो की पंगती उठतात, पण आम्ही काही उठत नाही. घरचे तर आता आम्हाला एका टेबलावर बसूच देत नाहीत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एसटी स्टँडजवळ पहिल्या मजल्यावर चार खाटा, एक एसी आणि एकच व्हेंटिलेटर. त्याला सगळे ‘मशीन’ म्हणायचे. मी तिथे आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर होते, शैला सिस्टर हेड नर्स, आणि हॉस्पिटल ज्यांचं होतं ते आमचे सर.

*

एसीची तेव्हा भारी अपूर्वाई. एकदा ऐन मे महिन्यात शैला सिस्टर चहा घेऊन आल्या तर तिसऱ्या खाटेवर एक म्हातारबाबा डोळे मिटून पडलेले. नवीन ॲडमिशन आलेलं दिसतंय, म्हणून त्यांनी झटकन छातीला वायरी लावल्या. मॉनिटर सुरू! सर राउंडला आले आणि म्हणाले, “आबा, काय होतंय?”

आबा उठून बसले. “काय न्हाय. मोरगावास्नं नातवाला बघाया आलतो. हितं गार वाटलं, म्हणून जरा आडवा झालो. पर सेवा लई चांगली हाय बरं का तुमची!”

*

सरांचा एक नियम होता. खाटा भरलेल्या असल्या की रोज कोणी ना कोणी वशिला घेऊन यायचं. सर म्हणायचे, “खाट खाली करतो. पण कोणाला उठवायचं ते तुम्ही ठरवा, आणि नकार त्याच्या तोंडावर सांगायचा. हात धरून.” हा नियम आम्हालासुद्धा होता. दरवाजाआडून नाही म्हणायची सोयच नव्हती.

एका पुढाऱ्याचे भाचे मामांच्या छातीत दुखतंय म्हणून तावातावाने आले. ईसीजीची पट्टी नॉर्मल, पण खाट हवीच. सरांनी त्यांना आत पाठवलं. पहिल्या खाटेवर पोटुशी बाई धापा टाकत होती, दुसरीवर विष प्यायलेला मुलगा. भाचे फिरून आले तेव्हा आवाज पार खाली आलेला होता.

“राहू द्या डॉक्टर. आमच्या मामांना ॲसिडिटीच असंल.”

*

मग तो आजार आला. एचआयव्ही हा शब्दसुद्धा लोक दबक्या आवाजात उच्चारायचे. पुण्यातल्या मोठमोठ्या ठिकाणांहून अशा पेशंटला परत पाठवत, आणि ते आमच्या जिन्यावर येऊन बसत. आम्हीही घाबरलेलोच होतो, उगाच शूरपणा कशाला सांगू? फाइलवर लाल स्टिकर लावायचो आणि दोन-दोन ग्लोव्हज चढवायचो. तेही धुऊन, पावडर लावून गच्चीत दोरीवर वाळत घातलेले.

अशाच एका पेशंटच्या शेजारच्या खाटेवर कन्हेरीचे तात्या होते, हार्ट अटॅकचे. त्यांच्या मुलाने एक दिवस मला अडवलंच.

“मॅडम, त्या पेशंटला दोन-दोन हातमोजे घालून तपासताय. आमच्या तात्यांना एकच. आमच्या बी फायलीला ते लाल लावा की!”

*

त्या लाल स्टिकरवाल्याचा न्यूमोनिया उतरला. त्याला दाढी करावीशी वाटली. गावातला एकही न्हावी यायला तयार होईना. शेवटी सरांनी स्वतः वस्तरा घेतला. एवढे नावाजलेले सर्जन, पण गालावर जे काही केलं ते बघवत नव्हतं! पेशंटने आरशात पाहिलं.

“सर, एक सांगू? तुमी आपली पोटंच कापा.”

पुढच्या वर्षी तो गेला. आजही त्याची आठवण आली की मला आधी हसूच येतं.

*

आता शेवटचा किस्सा. इंदापूर तालुक्यातून, लोणी देवकरच्या पलीकडून एक शेतकरी सकाळी जीपमधून आला. झोपेत मण्यार चावलेली. पापण्या मिटलेल्या, जीभ जड, श्वास आखडत चाललेला. मशीन लावलं तर दोन-चार दिवसांत ठणठणीत, नाही लावलं तर दुपारपर्यंत खेळ खलास.

त्याची बायको हात जोडून म्हणाली, “डॉक्टर, आधीच सांगते. ह्यास्नी तो आजार हाय. पुण्यात तपासलंय. तुमी जपून हात लावा.”

तिने आमच्या भल्यासाठी खरं सांगितलं, आणि तेच तिला नडणार होतं. त्या काळात पुण्याहून आठवड्यातून दोनदा एक तरुण फिजिशियन यायचे. आम्ही त्यांना ‘पुणेकर’ म्हणायचो. माणूस हुशार, पण हिशेबी.

ते सरांना म्हणाले, “मशीन एकच आहे. उद्या एखादा धडधाकट माणूस आला तर? हा असाही जाणारच आहे.”

“बरं,” सर म्हणाले. “नियम माहीत आहे ना?”

पुणेकर तडक खाटेशी गेले आणि एका दमात म्हणाले, “तुमच्या आजारात माणूस फार तर दोन वर्षं काढतो. मशीन एकच आहे. त्यामुळे ते तुम्हाला देता येणार नाही.” परत येऊन म्हणाले, “सांगितलं. त्यांनी काही हरकत घेतली नाही.”

मला त्यांची मान मुरगाळावीशी वाटली!

सर शांतपणे म्हणाले, “मण्यारीत पापण्या पडतात, जीभ पडते. कान शाबूत असतात. तुम्ही हात धरला नाहीत. पुन्हा जा.”

पुणेकर पुन्हा गेले. हात धरला. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी ओघळत होतं. ते वळून माझ्यावर ओरडले, “बघत काय बसलात? ट्यूब आणा!” ट्यूब त्यांनीच घातली आणि मशीन जोडलं.

त्यांच्या पुढच्या फेरीपर्यंत मशीन निघालं होतं. पेशंट उशीला टेकून बसला होता, बायको पेज भरवत होती. पुणेकर आले आणि जरा लांबूनच म्हणाले, “कसं वाटतंय?”

पेशंटने चमचा बाजूला सारला. हा चेहरा तो पहिल्यांदाच पाहत होता, आवाज मात्र ओळखीचा होता.

“तुमीच ना दोन वर्सं म्हनलेलं?”

पुणेकरांनी कशीबशी मान हलवली.

“बरं झालं सांगितलंत. औंदा ऊस लावावा का न्हाय, ह्या इचारात हुतो. दोन वर्सात लागणीचा ऊस बी कारखान्याला जातोय, वर त्याच बुडख्यास्नं खोडवा बी निघतोय. आता तेवढं लवकर सोडा. लावायला बेणं सांगायचंय.”